जानोशातला गोरा वऱ्हाडी

माझं दुकान नवापूरच्या बसस्टँडसमोर. गावात कोण नवं उतरलं हे पोलिसांच्या आधी मला कळतं, आणि कळलं की मला गल्ल्यावर बसवत नाही. माघातल्या त्या दुपारी तर भाग्यच उजळलं. ताडासारखा उंच, उन्हाने लालबुंद झालेला एक हॉलंडचा माणूस सायकल ढकलत आला. मागच्या चाकाची रिम तडकली होती.

"सुरतहून मागवतो, उद्या सकाळी येईल," शेजारचा सायकलवाला म्हणाला. म्हणजे पाहुण्याला एका रात्रीपुरती खाट हवी होती. एवढंच.

त्याची बॅग खांद्यावर टाकून मी मिरवणूक काढल्यासारखा निघालो. पहिल्या लॉजवर खोली रिकामी होती. पासपोर्ट दिसताच ती भरली. दुसऱ्या लॉजचा मॅनेजर ओळखीचा, त्याने निदान खरं सांगितलं.

"दादा, फॉरेनर नको."

"का रे? चावस का तो?"

"तो नही चावत. त्याना सी फॉर्म चावस."

परदेशी माणूस मुक्कामाला उतरला की चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं, तो हा सी फॉर्म. मॅनेजरने तो कधी पाहिला नव्हता. वाघही पाहिला नव्हता, पण भ्यायचा दोघांनाही.

मला कुतूहल वाटायला लागलं, की नक्की अडवतंय तरी कोण? पाहुण्याला घेऊन थेट पोलीस ठाणं गाठलं.

"मनाई कोणी केली?" हवालदार म्हणाले. "खुशाल ठेवा, फॉर्म भरा."

"तेवढं लिहून द्या ना."

"मनाईच नाही, तर परवानगी कशाची लिहू?"

वा! टाळी द्यावीशी वाटली. पण लॉजवर परतलो तर मॅनेजरचा एकच सवाल: "लिखीसन दिधं का? नही ना? मंग मी बी नही ठेवत."

पाहुणा पायरीवर बसला आणि त्याने हळूच मला विचारलं, "माझं काही चुकलं का?" माझी सगळी नाटकं तिथे थांबली.

त्या दिवशी लॉजचा वरचा मजला जानोशाला दिलेला होता. नवरदेवाकडचं वऱ्हाड सुरतहून येऊन तिथे उतरत होतं. जानोशात कोणाला नाव विचारत नाहीत. वरपक्षाचा माणूस ओळखला नाही आणि रुसला, तर लग्नात विघ्न. तेवढ्यात नवरीचा मामा फेट्यांची चळत घेऊन आला आणि पायरीवरचा गोरा पाहून हबकलाच.

"अरे देवा! नवरदेवकडना माणूस पायरीवर बठेल शे!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण तोवर पाहुण्याच्या पायांवर पाणी पडलं, डोक्यावर गुलाबी फेटा चढला, आणि तो इतका शोभला की मी तोंड मिटलं. मामाने त्याला हाताला धरून वर नेलं.

"दादा, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही!" मॅनेजर कळवळला. पण वरपक्षाला खाली कोण बोलावणार?

संध्याकाळच्या पंगतीत नवरीकडून हवालदारांनाही आमंत्रण होतं. त्यांचं पान नेमकं गुलाबी फेट्यासमोर.

"हा मुलाकडचा?" त्यांनी जिलेबी खाली ठेवली.

मॅनेजर पांढराफटक. आता मला खरं सांगणं भाग होतं. मामाने ऐकलं, कानापर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, "पाय धुयेल पाव्हनाले मी उठाडत नही. साहेब, काय लिखनं शे ते लिखा."

हवालदारांनी हात पुसला. "काढ रे मोबाइल," ते मॅनेजरला म्हणाले, "मी बसतो शेजारी."

आधी फॉर्मच्या साइटवर लॉजची नोंदणी करण्यात जिलेबी गार झाली. मग फॉर्म उघडला. नाव, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार.

"इतलंच?" मॅनेजरचा आवाज चक्क हिरमुसला होता. वाघ मांजर निघाला होता.

पाहुणा जानोशातच झोपला, पाय खाटेबाहेर काढून. सकाळी रिम आली आणि तो फेट्यासकट धुळ्याच्या रस्त्याला लागला.

आता मॅनेजर रोज लॉजच्या दारात उभा राहून बसस्टँडकडे बघतो आणि मला हाक मारतो, "दादा, आज कोनी गोरा उना नही का? फॉर्म भराले हात बसेल शे मन्हा!"