तांब्याची चकती

खोकं बघून बाबांनी विचारलं, "टीव्ही बोलावला का वं?"

"नाही, बाबा. कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंडा ठेवाचं यंत्र हाय. पान्यावर चालते."

"मंग पानी कुठून टाकाचं?"

"आतमंदी भरूनच येते."

त्यांचा विश्वास बसला नाही. पाणी न ओतता थंड करणारी वस्तू बालाघाटात, तीही मे महिन्यात, कोण मान्य करील?

मी पुण्यातल्या एका ऑफिससाठी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं संगणकावर तयार करते. आई गेली तेव्हा पंधरा दिवसांसाठी आले, ती बाबांजवळ राहिलेच. पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! संगणक जुना, खोलीवर टिनाचं छप्पर. तापला की मधेच बंद पडायचा. पुढचं काम वेळेवर आलं नाही तर एक तारखेपासून पुण्यात येऊन बसा, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणून हे यंत्र, त्यातल्या त्यात स्वस्तातलं, मागवलं.

चादर अंथरून आम्ही खोकं उघडलं. दोन पंखे, चपटा रेडिएटर, त्यातून निघालेल्या दोन काळ्या नळ्या आणि त्यांच्या टोकाला मुठीएवढा पंप. पंपाच्या खाली प्लास्टिकच्या झाकणाआड तांब्याची चकती.

"तांबं!" बाबा पुढे सरकले. मलाजखंडच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं डंपर चालवला. डोंगरच्या डोंगर दगड वाहिले, पण त्यातून निघालेलं तांबं कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. "आमच्याच खदानीतलं असन," ते म्हणाले. असेलही, असं म्हणून मी चहा करायला खाली गेले.

कप घेऊन वर आले तर बाबा मोरीपाशी बसलेले, हातात चिंच आणि मीठ. झाकण काढलेलं. चकती देवघरातल्या तांब्यासारखी लखलखत होती.

"बाबा! हात काहून लावला?"

"राखाडी गंदं लागलं होतं, बेटा. तांबं असं ठेवते का कोनी?"

ते गंदं म्हणजे प्रोसेसरची उष्णता चकतीपर्यंत नेणारा लेप. तो नसेल तर सगळं यंत्र फुकट. माझ्या मस्तकात तिडीक गेली. "आता जाच लागन मले पुन्याले. झालं समाधान?"

त्यांनी हात धुतले, डोक्याला दुपट्टा बांधला आणि म्हणाले, "त्या लेपाचं नाव कागदावर लिहून दे."

भर दुपारी स्कूटर घेऊन गेले, ते दीड तासाने परतले. तिसऱ्या दुकानात मिळालं म्हणाले. वाटेत वितळू नये म्हणून बोटाएवढी ती नळी त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळून आणली होती. तो रुमाल बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी लेप लावला. बाबांनी पंप धरला. मी पहिला स्क्रू आवळायला घेतला तशी त्यांनी थांबवलं.

"एकच पुरा नोको कसू. समोरासमोरचे थोडे थोडे कस. डंपरच्या चाकाचे नट आमी असेच कसत होतो."

माहितीपत्रकातही तेच लिहिलं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं, तर गडी खूश.

मग संगणक सुरू केला आणि त्याला सगळ्यात जड चित्र तयार करायला लावलं. याच चित्रावर तो दहा मिनिटांत मान टाकायचा. बाबा स्टूल ओढून पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्यासमोर बसले. माझ्या बारावीच्या निकालालाही ते एवढे ताटकळले नव्हते. आकडा चढला, सत्तरीच्या अलीकडे थांबला. चित्र पुरं झालं आणि मी ते ऑफिसला पाठवून दिलं.

"मंग आता जा नाही लागत?"

"नाही लागत."

त्यांनी डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. दुपारच्या बोलण्याची मला फार लाज वाटत होती.

"बाबा, मी राहावं असं वाटत होतं त एकदा तरी बोलाचं ना."

"बोललो असतो त तू राह्यली असती, बेटा," ते म्हणाले. "नोकरी सोडून."