बसलेल्याला उठवणाऱ्या बाई

नाही, आवाजाचं मी अजूनही मान्य केलेलं नाही. मंदाकिनीबाईंचं म्हणणं असं की रोग्याला गोडीगुलाबीनं उठवायला गेलं की तो उशीला जास्तच चिकटतो. माझं म्हणणं असं की ज्या म्हाताऱ्या माणसाचं कालच खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्याला सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं "आबा, नाटक बास, पाय खाली सोडा" म्हणायची गरज नव्हती. हे आमचं भांडण दर दिवाळीला फोनवर होतं. त्या म्हणतात, "तुझे आबा उठले की नाही, तेवढं सांग." मी म्हणतो, उठले, पण हळू बोलला असता तरी उठले असते. मग त्या हसतात आणि मला जेवणाखाण्याचं विचारतात. म्हणजे हरल्या, असं मी धरून चालतो.

दवाखान्यात फिजिओथेरपी करणाऱ्या आमच्या बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यांनी ज्यांना पायावर उभं केलं, त्यांच्या घरच्यांपैकीही कुणीतरी लिहावं असं समितीच्या सरांचं म्हणणं पडलं आणि त्यांनी मला फोन केला. मी राजस्थानात कालव्याच्या कामावर पोकलेन चालवतो. शाळा सातवीत सुटली. त्यानंतर एका जागी फार दिवस टिकल्याचं मला आठवत नाही. मोठ्या डॉक्टरांच्या आणि प्राध्यापकांच्या पंगतीत माझं पान वाढलंय, तेव्हा काही सांडलं-लवंडलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाईंची पहिली गाठ पडली ती दुष्काळाच्या साली. आमचं गाव लासूर स्टेशनपासून थोडं आत. घरात मेंढरं पिढीजात. त्या साली विहिरी तळाला गेल्या होत्या, गावात टँकर यायचा. शहराकडच्या गायरानावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले, त्यामुळं तिथं चारायची सोय संपली होती. माझे आजोबा, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते कळप घेऊन गोदावरीकडं निघाले. धरणाचं पाणी मागं सरलं की तिथल्या गाळात गवत उगवतं, ते त्यांना ठाऊक होतं. वाटेत एका नव्या वसाहतीसाठी पाण्याच्या पाइपाचा चर खणलेला होता. मेंढरं उड्या मारून पलीकडं गेली. आबा काठी टेकवत उतरायला लागले, कडेची माती ढासळली आणि ते खुब्यावर आपटले. मेंढरं पुढं गेली आणि आबा चरातच राहिले.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मोडलाय, तो काढून स्टीलचा बसवावा लागेल. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, पायात कापडी बूट, हातात वॉकर.

"आबा, उठायचंय."

"कामून?" आबा म्हणाले. "कोकराचा पाय मोडला तर आमी कामट्या बांधतो आन् हाड जुळंस्तोर जागचं हलू देत नाय. तुमी तर दुसऱ्याच दिशी उठा म्हणताय."

"कोकराला कामट्या बाहेरून बांधता. तुमची कामटी डॉक्टरांनी आत बसवलीय. ती आत्तासुद्धा तुमचं वजन झेलते. झोपून राहिलात तर छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील, पायात रक्त गोठेल. पाय खाली सोडा."

"दुखतंय."

"दुखणारच. त्याची गोळी दिलीय. नाटक बास."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, माणूस हाय तो, पोतं नाय."

"पोतं असतं तर तुलाच उचलायला सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "उभा काय राहिलास, ती काख धर."

मी काख धरली. आबा उभे राहिले. पाय लटपटत होते, कपाळावरून घाम ओघळत होता आणि तोंडानं, मेंढरं रस्ता सोडून पिकात शिरल्यावर ज्या शिव्या निघतात, त्या चालू होत्या. बाईंनी एकही शिवी मनावर घेतली नाही. आबांना खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या रुमालानं त्यांचं तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात, म्हणजे हळू बोलता येतं त्यांना, सांगितलं, "आता उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. चप्पल वाकून उचलायची नाही."

"मग राहिलं काय? मेंढीचं दूध काय खुर्चीत बसून काढू?"

"काढा."

"मेंढी हसंल."

"हसू द्या. हसरी मेंढी जास्त दूध देते."

शेजारच्या खाटेवरच्या एक मुसलमान आजी हे ऐकून हसायला लागल्या, तर बाई लगेच तिकडं वळल्या, "हँसो नको नानी, इसके बाद तेराच नंबर है." ज्याची जी बोली, त्या बोलीत बाई त्याला उठवायच्या. पैठणच्या बाजारपेठेत वाढल्यामुळं सगळ्या बोली कानावरून गेल्यात, असं त्या सांगतात. माझ्या मते ज्याला रागवायचं त्याला नीट कळावं, एवढ्यासाठी त्यांनी त्या शिकून घेतल्या असाव्यात.

दवाखान्यातून आबा वॉकरवर चालत बाहेर पडले. खरा घोटाळा घरी झाला, आणि तो मायेनं झाला.

आबा आले म्हणून भावकी लोटली. कुणी अंडी आणली, कुणी हळद उगाळून आणली. सगळ्यांचं एकच सांगणं, "दवाखान्यातल्यांना खाट मोकळी करायची असती, म्हणून उठा म्हणत्यात. हाड जुळंस्तोर हलू नका." माझी चुलती, कौसाकाकू, आमचं घर तिच्याच जिवावर चालतं. तिनं तर आबांना पाय भुईला लावू दिला नाही. बाजेवर जेवण, बाजेवर अंघोळ, सगळं तिनं केलं, तेही पाणी टँकरचं असताना. वॉकरवर आबांचं धोतर वाळत पडायला लागलं.

इतकं करूनही आबा खालावत चालले. भाकरी अर्धी राहायला लागली, खोकला लागला, पाऊल सुजलं. एके दिवशी मला जवळ बोलावून म्हणाले, "मेंढरं विकून टाक." आमच्याकडं हे बोलणं साधं नसतं. दुष्काळात सगळेच मेंढरं विकत होते, पण आबांनी ते म्हणणं म्हणजे त्यांनी आपली आवराआवर सुरू केली होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

तपासणीची तारीख आम्ही चुकवली, तसा बाईंचा फोन आला. काकूनं सांगितलं, हाड जुळल्याबिगर आणणार नाय. बाईंनी फोन ठेवला आणि त्याच रविवारी त्या स्वतःच आल्या. लासूर स्टेशनपर्यंत एसटी, पुढं जीपमध्ये बोकडांच्या शेजारी बसून. कुणी बोलावलं नव्हतं, त्यांच्या नोकरीत ते बसतही नव्हतं.

आल्या तेव्हा काकू आणि मी अंगणात एका मेंढीला उचलत होतो. चाऱ्याविना खंगलेली मेंढी बसली की आम्ही तिच्या पोटाखालून गोणपाट घालतो, दोघं दोन बाजूंनी उचलून तिला उभी करतो आणि पायावर भार पेलेपर्यंत धरून ठेवतो. ती पडते. परत उचलतो. दिवसातून कितीतरी वेळा. बाई उंबऱ्याशी थांबून ते बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "कशाला त्रास देताय तिला? अशक्त आहे, बसलीय तर बसू द्या की."

आतून बाजेवरून आबांचा आवाज आला, "बसलं म्हंजी गेलं, बाई. जनावर एकदा बसलं की पाय उभं राहायचं इसरत्यात. मग किती बी चारा टाका, उठत नाय."

बाई आत गेल्या. वॉकरवरचं धोतर काढून त्यांनी नीट घडी घातली, काकूच्या हातात दिलं आणि वॉकर आबांच्या बाजेपुढं ठेवला. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही, हे माझ्या बाजूचं म्हणून नोंदवून ठेवतो.

आबा वॉकरकडं बघत राहिले. काकू धोतर धरून उभी. मग आबा म्हणाले, "मला काय गोणपाटात घालून उचलताय का काय?"

"लागलं तर तेही करू," बाई म्हणाल्या.

आबांना हसू आलं आणि त्याच हसण्यात त्यांनी हात पुढं केला. एका बाजूनं काकू, एका बाजूनं मी. आबा उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. दारापर्यंत गेले. बाहेर ती मेंढीही तेवढा वेळ उभी होती, हे खरं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी ती परत बसली आणि गेली. आबा मात्र उठत राहिले.

त्या दिवशी बाईंनी आमची बाज पाहिली. सैल सुंभाची, खोलगट. कमरेपेक्षा गुडघे वर गेले तर आतला गोळा निसटेल, म्हणाल्या, आणि मला विटा आणायला पिटाळलं. बाजेच्या चारी खुरांखाली विटा लावल्या, सुंभ आवळायला लावला. काकूला वाटत होतं आता आपल्याला बोलणी बसणार. बाई तिला म्हणाल्या, "पाठीला एक जखम नाही यांच्या. एवढं निगुतीनं कुणी करत नाही. आता एवढीच निगुत चालवायला वापरा." काकू पदर डोळ्याला लावून चुलीकडं गेली. भाकरी-ठेचा बाईंनी मागून घेतला. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या. काकूनं तांब्या पुढं केला तर म्हणाल्या, "तुमचा टँकर उद्या आहे ना, राहू द्या."

पुढं आबा वॉकरवरून काठीवर आले. निम्मी मेंढरं त्या साली विकावी लागलीच, पण निम्मी राहिली. ज्या गायरानावर प्लॉट पडले होते तिथं आता कॉलनी उभी आहे, डांबरी रस्ता आहे. आबा रोज सकाळी त्या रस्त्यावर फेरी मारतात, कारण सपाट रस्त्यावरच चालायचं, अशी बाईंची ताकीद आहे. कॉलनीतली माणसं त्यांना हटकतात, तर आबा सांगतात, "ही आमची चराई हाय, मी बघायला येतो."

मी बाहेर कामाला निघालो तेव्हा आबांना सोडून जावं की नाही, हे मला उमजत नव्हतं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा तू. तू इथं बसलास तर तूच बसशील. आबा चालतायत." पुढं दर महिन्याला फोन करून आबांची चाल विचारायच्या, आणि मग माझी.

आता बाई निवृत्त होत आहेत, पण घरी बसणार नाहीत. बाजाराच्या दिवशी लासूर स्टेशनला एक खोली उघडून त्या बसणार आहेत. दवाखान्यातून बरं होऊन गेलेली आणि भावकीच्या मायेनं बाजेला लागलेली माणसं तिथं येतील, आणि जी येणार नाहीत त्यांच्या अंगणात बाई जातील. हल्ली त्यांचेच गुडघे दुखतात असं ऐकतो. तेव्हा त्यांनी दुसऱ्यांना सांगितलेलं थोडं स्वतःही ऐकावं, त्यांना निरोगी शंभरी लाभावी आणि शंभराव्या वर्षीही त्यांचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावा, एवढं मागणं मागतो. भांडण तोवर चालू ठेवू.

त्या खोलीसाठी समिती वर्गणी गोळा करते आहे. माझे तीन हजार आहेत. आबांनी बाजारात स्वतः चालत नेऊन लोकर विकली, त्यातले दोनशे त्यांनी काकूकडं दिले आहेत, ती पोचवील. दोन्ही मिळून बत्तीसशे रुपये.