हॉबर्टकाकांचा होकार

आमच्या टेनेसीच्या डोंगराळ भागात पडवीवर येऊन बसलेल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावर कुत्रं सोडणं. ही रीत हॉबर्ट मेसर यांच्याइतकी कुणी पाळली नसेल. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि 'असेल बाबा, तू म्हणतोस तर' एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळ्या गावाशी बरं ठेवलं. लग्नाचंसुद्धा लुएलाकाकूंनीच विचारलं होतं म्हणे.

चर्चचा जनरेटर चोरीला गेला, तेव्हा शेरीफचा शिपाई लँडन त्यांच्या पडवीत आला. गार गोड चहा प्यायला आणि म्हणाला, "काका, त्या रात्री तुमचा ट्रक चर्चपाशी दिसला म्हणतात."

"असेल बाबा."

"मग जनरेटर तुम्हीच उचलला असणार."

"तू म्हणतोस तर, असेल."

लँडनने चहाची तारीफ केली आणि दुसऱ्या दिवशी वॉरंट आणलं. अटक केल्यावर विचारपूस करायची तर पोलिसाला आधी हक्क वाचून दाखवावे लागतात. पडवीतल्या चहाला ते कलम लागत नाही.

ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारने वकील द्यावा, ही आमच्या राज्यघटनेची हमी. कसला द्यावा, यावर ती फारसं बोलत नाही. म्हणून काकांच्या वाट्याला मी आलो. गप्प राहण्याच्या हक्कावर माझं व्याख्यान इतकं लांबतं, की बरेच आरोपी तो हक्क माझ्यासमोरच वापरू लागतात. काकांनी मात्र शेवटपर्यंत मान डोलावली.

"सरकारी वकील म्हणतो, लढून हरलात तर चार वर्षं, कबूल केलंत तर एक," मी म्हणालो.

"लुएलाला दिसत नाही रे. वर्षभर तिचं कोण करेल?"

"पण चारपेक्षा एक बरं ना, काका?"

"तू म्हणतोस तर, असेल."

किती समंजस पक्षकार, म्हणत मी शीळ घालत तुरुंगातून ऑफिसात परतलो.

कबुली घेण्याआधी आमच्याकडे जज एकेक हक्क विचारून घेतात. इमोजीन टिप्टनबाई जज होत्या. काकांच्याच शाळेत शिकलेल्या.

"खटला लढवायचा हक्क सोडतोयस, कळतंय ना?"

"हो, बाईसाहेब."

"साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायचा?"

"हो, बाईसाहेब."

"कुणी दबाव आणलाय?"

"हो, बाईसाहेब."

मी खोकलो.

"म्हणजे नाही, बाईसाहेब."

बाईंनी चष्मा काढला. "हॉबर्ट, जनरेटर तू चोरलास?"

"हो, बाईसाहेब."

"की नाही चोरलास?"

"तेही बरोबरच आहे."

"का मीच नेला असेल?"

काका जरा अवघडले. "तुम्ही म्हणताय तर, असेल."

कोर्टात खसखस पिकली. ह्या होकाराशिवाय हातात काय आहे, असं बाईंनी सरकारी वकिलाला विचारलं. ट्रक कुणी पाहिला, हेही त्याला सांगता येईना. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि वकीलसाहेब, तुम्ही ह्याला विचारलं होतंत का कधी, की बाबा, तू हे केलंस का?"

त्या दिवशी कोर्टात गप्प राहण्याचा हक्क वापरणारा मी एकटाच.

बाईंनी कबुली फेटाळली. आठवडाभरात सरकारी वकिलाने खटलाही मागे घेतला. काकांना तुरुंगातून मीच घरी आणलं. लुएलाकाकू दारात उभ्या होत्या, गाडीच्या आवाजाकडे तोंड करून. काका गाडीचा दरवाजा उघडत होते, तेवढ्यात मी एकदाचं विचारलं, "काका, खरं सांगा. नेला होतात का तो जनरेटर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले, आणि लगेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाईट नको वाटून घेऊस हं, पोरा. तू एवढी मेहनत घेतली होतीस."