स्वयंपाकघराच्या दारावरची पेटी

तंजावरला आम्ही राहायचो ते राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर. पोर्शन म्हणायचे त्याला तिकडे. पुढे एक लांबट खोली, मग बोळकांडीएवढी वाट, आणि मागे स्वयंपाकघर. मागची भिंत आमची आणि शेजारच्या तमिळ बिऱ्हाडाची एकच. त्यांच्याकडे रेडिओ होता. तो लागला की माझ्या सासूबाई निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन त्या भिंतीला टेकून बसायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आमच्यात तशी रीतच होती. तिरुचीहून कच्चेरी लागायची, म्हणजे गाण्याची बैठक हो, आणि ती संपेपर्यंत आत्याबाईंचे तांदूळ काही निवडून व्हायचे नाहीत.

एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, यात खडा तरी आहे का एक?"

"खडा नाही ग," त्या म्हणाल्या. "पण हात रिकामे दिसले की कुणीतरी काम सांगतं."

भिंतीतून आवाज जरा जाडा यायचा. पण सगळा यायचा, गाणारा, फिडल, मृदंग, सगळं एका जागी.

एकोणीसशे साठानंतरची दहा वर्षं सरत आली तेव्हा आमच्या घरात बोलणं निघालं, की आईला गाण्याची एवढी आवड, तर आपणही काही घेऊ या. काढलं कुणी, तर आमच्या ह्यांनी. मनात चांगलंच होतं, ते मी आजही सांगेन. मग हे आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी खाली तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून त्याचाच खल करू लागले. रेडिओ घ्यावा तर त्याला पोस्टात दरवर्षी लायसन. गच्चीवर तार बांधायची तर घरमालक कुरकुरणार. इतक्यात कुणी सांगितलं, तिरुवैयारूकडचे एक गृहस्थ सिंगापूरहून परत आलेत आणि तिकडून आणलेला स्टिरिओ विकताहेत. वापरलेला, म्हणून आपल्याला झेपेल असा, वर काही रेकॉर्डी. लायसन नको, तार नको.

आत्याबाईंना विचारलं नाही असं नाही हं. मामंजींनी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हांला बरं वाटेल ते घ्या." आमच्या घरांत बायकांचं हे उत्तर वांग्यापासून जावयापर्यंत सगळ्याला एकच. ऐकणाऱ्यानं त्याचा होकार करून घ्यायचा, एवढंच.

स्टिरिओ आला. चकतीची एक पेटी, आणि आवाजाच्या दोन. विकणारे गृहस्थ स्वतः पोचवायला आले होते. दोन्ही पेट्या समोर ठेवा, अंतर सोडा आणि मध्ये बसून ऐका, असं त्यांनी तमिळमध्ये परत परत बजावलं. मामंजी हसून म्हणाले, "मध्ये बसायला आमचे राजे होते, ते कधीच गेले." मग त्यांनीच न्याय केला. पेट्या दोन, खोल्या दोन. एक पुढे पुरुषांत आणि एक बायकांसाठी, चुलीपासून उठायला नको. आत्याबाई सोवळ्यात असायच्या, शिवाशिव नको म्हणून ती पेटी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उंच फळीवर बसवली. लांब वायर आणून ह्यांनी जोडली. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. सासरा असा असावा, म्हणाल्या.

आत्याबाईंनी मागच्या भिंतीशी बसणं सोडलं. कुणी बोललं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, घरात आपली वस्तू असताना दुसऱ्याच्या भिंतीला कान लावला तर घरच्यांना कमीपणा येतो.

"आणि आपली कशी वाटते?"

"छान आहे. त्या गाणाऱ्या बाई जरा हळू गातात. फिडल मात्र फार गोड."

मी पुढे केर काढताना ऐकायची, आत येऊन भाजी चिरायची. फरक जाणवायचा, पण यंत्रातलं मला काय कळतंय? वाटलं, आत फोडणीच्या आवाजात गाणं विरत असेल.

मग एकदा पुरुषमंडळी मुंजीला ओरत्तनाडूला गेली. जेवणं उरकली, भांडी झाली, आणि मी आत्याबाईंना हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं. त्यांच्या आवडीची रेकॉर्ड लावली. त्या जमिनीवर, पेटीसमोर बसल्या. बाईंचा आवाज उठला तो भरलेल्या घागरीसारखा. इथे मृदंग नव्हता, फिडल तर जेमतेम. आत्याबाई पेटीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"म्हणजे ही सगळा वेळ इथे गात होती?"

हे परतल्यावर मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. स्टिरिओत गाणं दोन पेट्यांत वाटलेलं असतं, बाई एकीत, फिडल-मृदंग दुसरीत, म्हणून तर ते गृहस्थ मध्ये बसा म्हणत होते. लगेच फळीवरची पेटी काढली, पुढे आणून दोन्ही मांडल्या आणि आईला हाक मारली. मामंजी स्वतः सरकून बसले, जागा केली. आत्याबाई आल्या, उंबऱ्याशी टेकल्या. गाणं कुठे रंगात येतंय तर खाली कुणी आलं, कापी ठेवायला उठल्या. पुन्हा आल्या, तर डाळ उतू जाईल म्हणून गेल्या. मामंजी समोर असताना मांडी घालून बसून राहणं त्यांना जमेना. अंगालाच सवय नव्हती. दोन-चार दिवसांनी मुलाला म्हणाल्या,

"ती पेटी माझी मला परत दे बाबा. अर्धं तर अर्धं. माझ्या जागी बसून ऐकता तरी येतं."

पेटी फळीवर गेली. शेजारच्यांची तोवर तिरुचीला बदली झाली होती. नवीन बिऱ्हाडाकडे रेडिओ नव्हता. नाहीतर मीच त्यांना सूप देऊन भिंतीशी बसवलं असतं, कमीपणा गेला उडत.

वाईट याचंच वाटतं बघा, की कुणीच वाईट वागलं नाही. त्यांना गाणं द्यायच्या नादात आम्ही त्यांचं अख्खं गाणं घेतलं आणि अर्धं हातावर ठेवलं.

पुढे पुढे आत्याबाई सांबार ढवळताना गुणगुणायच्या. एक ओळ, मग गप्प, मग पुन्हा अर्धी ओळ. नवख्याला वाटायचं विसरल्या. विसरल्या नव्हत्या. त्या फिडलचं म्हणत होत्या, आणि बाईंच्या जागा रिकाम्या सोडत होत्या.