भागोजीचे तळपाय

कुडपणाला सडक येण्याआधी आजारी माणसाला डोलीतून खाली पोलादपूरला न्यावं लागे. बांबूला घोंगडी बांधायची, माणूस तिच्यात निजवायचा आणि चौघांनी खांदा द्यायचा. पुढचा खांदा भागोजीचा, हे ठरलेलंच. पावसाळ्यात वाटेवर शेवाळ धरे, धुकं असं की हाताच्या अंतरावरचं दिसू नये. तरी भागोजी अनवाणी चालत राही आणि मागच्यांना सांगे, "हा धोंडा हलतोय, उजवीकडनं या." डोळ्यांनी बघून नव्हे, पाऊल टेकवून तो सांगे. "भागोजीच्या पायाला डोळे हायत," असं वाडीतली माणसं म्हणत. त्यानं आयुष्यात फार काही मिळवलं नाही, पण हे एवढं नाव मिळवलं होतं.

साठी ओलांडल्यावर तेच पाय मुके झाले. साखरेचा आजार अंगात होताच. गोळ्या कधी घेतल्या जात, कधी राहून जात. आधी पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. भागोजीला वाटलं, बरं झालं. एका चैत्रात जाळीतून लाकडं काढताना करवंदीचा काटा बोटात शिरला आणि पाच दिवस तो काटा घेऊन तो बांधावरून फिरत राहिला. सहाव्या दिवशी जेवायला वाढताना बायको, रंगूबाई, थबकली. म्हणाली, "अवो, कसला वास येतोय?"

महाडच्या दवाखान्यात उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

तिथल्या डॉक्टर विनीताबाईंनी टाके काढायच्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं, "काका, तुमचे पाय आता स्वतःहून काही सांगणार नाहीत. तुम्हीच रोज त्यांना विचारायचं. कोमट पाण्यानं धुवायचे. पाणी कोपरानं बघायचं, पायानं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तळवा नीट बघायचा. अनवाणी कुठंही जायचं नाही. घरातसुद्धा नाही."

"किती दिवस?" भागोजीनं विचारलं.

"जेवता किती दिवस?" बाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत रंगूबाईनं सगळं ठरवून टाकलं होतं. रोज तिन्हीसांजेला ती तुळशीपुढं दिवा लावी. त्यात आजवर खंड नव्हता. त्या दिव्याच्या पाठोपाठ पाय. दिवा विसरायचा नाही, म्हणजे पायही विसरायचे नाहीत.

पहिल्या दिवशी भागोजी पडवीत पाटावर बसला आणि पाय पुढं करीना. माणसाच्या तोंडासमोर तळपाय धरायचा, तोही बायकोच्या, म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"द्या हिकडं," रंगूबाई म्हणाली. "माझ्या बापानं लग्नात एकदा धुतले नि सुटला. माझ्या नशिबी रोजचे आले."

भागोजीला हसू आलं आणि त्या हसण्यात पाय पुढं झाला. तिनं जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यानं एकेक बेचकी टिपली, तळवा दिव्याच्या उजेडाकडं वळवला, टाचेपासून बोटांपर्यंत बघितला आणि "काय नाय" म्हणून खाली ठेवला. मग दुसरा. पुन्हा "काय नाय."

तेव्हापासून अडीच वर्षं असंच चाललं. पाहुणे आले, लग्नंकार्यं झाली, एकदा रंगूबाईला ताप होता, तरी चुकलं नाही. महिना-दोन महिन्यांत भागोजीची लाज गेली. पुढं पुढं दिवा लागला की त्याचे पाय आपसूक पाटाकडं वळू लागले.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं नाही. भागोजी शेतात बूट घालू लागला होता, पण खळ्यात घालीना. खळ्यात धान्य उतरतं, तिथं वहाण न्यायची नाही, हे त्याच्या आज्याच्या आधीपासूनचं होतं. मागच्या मळणीला तो अनवाणी खळ्यात उतरला, तेव्हा रंगूबाई दिवसभर खळ्याच्या कडेला त्याचे बूट हातात घेऊन उभी राहिली. तो बाहेर आला की तळवे बघायची. संध्याकाळी ती दमून म्हणाली, "खळ्यापुरता येगळा नवा जोड घेऊ. त्याला हळदकुंकू लावू. लक्ष्मी काय आंधळी नाय, तिला ठावं हाय तुमच्या पायाचं."

"बुटाला हळदकुंकू!" भागोजी म्हणाला आणि हसण्यावारी नेलं.

यंदा गौरीगणपती झाले आणि चौथ्या दिवशी रंगूबाई परसात दुधी काढायला गेली, ती तिथंच बसली. आता सडक होती, शेजारची गाडी दारात उभी होती, तरी पोलादपूर गाठता आलं नाही.

भागोजीनं अग्नी दिला. ज्यानं अग्नी दिला त्यानं तेराव्यापर्यंत पायात काही घालायचं नाही, ही रीत. दुसऱ्या दिवशी सुनेनं, समीक्षानं, बूट आणून पुढं ठेवले. थोरला चुलतभाऊ काशीराम ओटीवर बसला होता. तो म्हणाला, "सुतकात वहाणा? समीक्षा, तू महाडात राहून सगळंच विसरलीस गो." समीक्षा सासऱ्याकडं बघत राहिली. भागोजीनं बूट स्वतःच्या हातानं बाजूला सारले. रंगूसाठी त्याला करण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि ते तो पुरं करणार होता.

अंगणात पावसापासून आडोसा म्हणून निळी ताडपत्री ठोकली होती. माणसं येत होती, बसत होती, उठत होती. तिन्हीसांजेला दिवा समीक्षा लावायची. दिवा लागला की भागोजी पाटाकडं बघायचा आणि मान फिरवायचा. पाय धुणं हे रंगूचं काम होतं. ती गेली, तेही गेलं. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही, आणि त्याला ते नकोच होतं.

दहाव्याचं उरकलं त्या संध्याकाळी मुलगा, दीपक, जवळ येऊन बसला. तो महाडच्या एमआयडीसीत कामाला होता. तिथंच दोन खोल्यांत समीक्षा आणि तो राहत.

"बाबा, तेरावं झालं की तुम्ही महाडला चला."

"नि जमीन?"

"जमीन बघतील काशीरामकाका. पायाचं कोण बघणार हितं? मागं बोट गेलं, आता पाय जाईल."

"पायाला काय झालं तर येतो," भागोजी म्हणाला. "नाय झालं तर हितंच राहीन. माझा शब्द हाय."

दीपकनं मान हलवली. बापाचा शब्द त्याला ठाऊक होता.

बाराव्या दिवशी सकाळी दीपक तेराव्याचं सामान आणायला पोलादपूरला गेला होता. समीक्षानं घरातली लादी नुकतीच पुसून घेतली होती. भागोजी देवापाशी उभा होता आणि त्याला पांढऱ्या लादीवर एक लाल ठिपका दिसला. टिकलीएवढा. हातभर अंतरावर दुसरा, मग तिसरा.

"समीक्षा, कुणाला लागलं बघ गो," तो म्हणाला. "घरभर रगत हाय."

"मला नाय लागलं बाबा," ती चुलीपुढून म्हणाली.

मांजरानं उंदीर आणला असेल म्हणून भागोजी ठिपक्यांच्या मागं निघाला. ठिपके उंबऱ्यावरून आत आले होते, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते, तिथून वळून देवापाशी. तिथून त्याच्या पाठीमागं. तो वळला तसा आणखी एक ठिपका पडला.

दुखत काहीच नव्हतं.

मग तो टाचेवर पडवीत आला. पडवीच्या खांबाला रंगूबाईचा कुंकवाचा आरसा अडकवलेला होता. बारा दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता. भागोजीनं तो काढला, पाटावर बसला, आरसा जमिनीवर ठेवला आणि त्यावर उजवा पाय धरला. चवड्याखाली ताडपत्रीचा एक बारका खिळा डोक्यापर्यंत रुतला होता. भोवतालची कातडी पांढुरकी, फुगलेली. आजचा नव्हता तो. दोन दिवसांचा तरी असावा.

आपला शब्द त्याला आठवला. खिळा हातानं उपसला असता, हळद दाबून वर फडकं गुंडाळलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. उद्या तेरावं, परवा दीपक आणि समीक्षा महाडला गेले असते, आणि तो इथं राहिला असता. समोर भात पोटरीत आलं होतं. रंगूनं लावलेलं भात. पडवीतून ते सगळं दिसत होतं.

आरशात तळवा दिसत होता. अडीच वर्षं रोज बघितला गेलेला तळवा. भागोजीनं स्वतः तो कधी बघितलाच नव्हता. बोट गेलेल्या जागेचा वण आता गुळगुळीत झाला होता. इतका बरा झाला असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"समीक्षा," त्यानं हाक मारली. "जरा हिकडं ये गो."

ती आली, आणि सासऱ्याचा तळपाय समोर बघून दारातच थांबली. मग तिनं पदरानं हात पुसले आणि खाली बसली.

"खिळा काढू नको, तो डॉक्टरीण काढंल," भागोजी म्हणाला. "पाणी आण. कोपरानं बघ आधी, हातानं नको. धडपं आत फळीवर हाय, लुगड्याचं. चोळायचं नाय, टिपायचं. आधी बेचक्या."

तो बोलत गेला, ती करत गेली. हे सगळं रंगूचं काम आहे असं आपण धरून चाललो होतो, आणि आपल्याला ते असं तोंडपाठ कसं, ते त्याला कळेना.

दीपक सामान घेऊन आला तेव्हा भागोजी पायाला फडकं बांधून, बूट शेजारी ठेवून बसला होता. ओटीवर काशीरामही येऊन टेकला होता.

"महाडला चल," भागोजी दीपकला म्हणाला. "नि पडवीतली माझी पिशवी पण घे. मी शब्द दिलाय."

त्यानं बूट पायात चढवायला घेतले तसा काशीराम म्हणाला, "भागोजी, एक दिस. उद्या तेरावं झालं की घाल. एवढं पाळलंस."

"तिनं अडीच वरसं पाळलं, काशीराम," भागोजी म्हणाला. "मी बारा दिसांत मोडलं." आणि त्यानं बुटाचे पट्टे ओढले.

विनीताबाईंनी खिळा काढला, जखम साफ केली, इंजेक्शनं दिली. रागावल्या नाहीत. रंगूबाई गेल्याचं त्यांना दाराशीच कळलं होतं. "आणखी दोन दिवसांनी आला असता तर मी पायाचं काही सांगू शकले नसते," एवढंच म्हणाल्या.

तेराव्याच्या दिवशी दीपकनं कुडपणात पान वाढलं आणि भागोजीनं महाडच्या खोलीत हात जोडले.

त्या दोन खोल्यांत तो दीड महिना राहिला. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. संध्याकाळी समीक्षा देवापुढं दिवा लावी, आणि तिचा हात खाली येईपर्यंत भागोजी आरसा घेऊन जमिनीवर बसलेला असे. पहिले काही दिवस ती जवळ बसली. मग त्यानं तिला उठवलं. "तू भाकऱ्या कर. मला येतंय." पाणी कोपरानं, बेचक्या टिपून, मग आरसा. दीपक कामावरून येऊन दारात उभा राहून बघे. चुकण्याची वाट बघत होता की न चुकण्याची, त्याचं त्यालाच ठाऊक.

जखम भरली त्या दिवशी विनीताबाईंनी दीपकला म्हटलं, "गावात राहोत की इथं, रोज बघणारा माणूस पाहिजे. तो आता हे काकाच आहेत."

दिवाळी झाली होती. रस्त्यात दीपकनं गाडी कडेला घेतली.

"भात तयार असंल," तो म्हणाला. "पण रोज दिवा लागला की दोन्ही तळव्यांचा फोटो समीक्षाच्या मोबाइलवर. एक दिस चुकला तर दुसऱ्या दिशी गाडी घेऊन दारात उभा."

"सुनेला तळपाय दाखवायचे, तेही रोज," भागोजी म्हणाला.

"तिला सवय झाली."

भागोजीनं होकार दिला. मग म्हणाला, "घरी जायच्या आधी बुटाच्या दुकानात ने."

मळणीच्या दिवशी भागोजी नवा कोरा जोड हातात घेऊन खळ्यापाशी आला. खळ्याला नमस्कार केला, दोन्ही बुटांना हळदकुंकू लावलं आणि ते पायात घातले. झोडायला आलेली माणसं बघत राहिली. काशीरामला राहवलं नाही.

"आता बुटांची पण पूजा का रे?"

"बैलाची करतो, कोयत्याची करतो," भागोजी म्हणाला. "ह्ये पण अवजारच हाय."

काशीरामनं पेंढीची गाठ सोडली. भागोजी खळ्यात उतरला. कडेला, जिथं मागच्या वर्षी रंगूबाई उभी होती, तिथं आज कुणी उभं राहिलं नाही. पहिल्या झोडणीचे दाणे उडून त्याच्या बुटांवर पडले. ते पडलेले त्यानं बघितले.

तिन्हीसांजेला त्यानं तुळशीपुढं दिवा लावला. पाणी कोपरानं बघितलं. अंगाला तूस चावत होतं, पाठ मोडून आली होती, आणि पाटावर बसल्यावर उठू नये असं वाटत होतं. फोटोला रेंज फक्त देवळाच्या धोंड्यावर येई. तिथवर अजून जायचं होतं. त्यानं बेचक्या टिपल्या, आरसा जमिनीवर ठेवला आणि उजवा तळवा त्यावर धरला. टाचेपासून बोटांपर्यंत बघितलं. वणापाशी एक तुसाचं कुसळ चिकटलं होतं, ते अलगद काढलं. पुन्हा बघितलं.

"काय नाय," तो म्हणाला.

मग दुसरा पाय घेतला.