ओल्या सागवानाच्या फळ्या

दूध पिता पिता इराचं अंग सैल पडतं आणि हर्षदाचे डोळेही मिटत जातात. दुपारचे तीन. पाठीवर थोपटणारा हात हळूहळू थोपटणं विसरतो. भिंतीशी कमरेएवढी सागवानाच्या फळ्यांची थप्पी आहे. उद्या सकाळी माणसं येऊन त्या खोलीभर जमिनीवर बसवणार आहेत.

थप्पीवर बाबा बसलेत.

महिना झाला त्यांना जाऊन. जन्मभर चंद्रपुरात सुतारकाम केलं, आणि शेवटचं काम ह्या फळ्यांचं, लेकीच्या घरासाठी. छातीत कफ भरलेला असताना रंधा मारत राहिले, कारण पोर रांगायला लागायच्या आत जमीन व्हायला हवी, असं हर्षदा रोज फोनवर म्हणायची. फळ्या मागच्या आठवड्यात आल्या, ते गेल्यावर.

आता ते वरच्या फळीला गाल लावून बघताहेत, लेकराचा ताप बघावा तसे.

"काऊन रचल्या अशा, एकावर एक? श्वास कुठून घेतील?"

पसरल्या तर पाळण्याला जागा उरत नव्हती, ती सांगते. शिवाय निलेशनं फोनवर वाचलंय, आठवडाभर घरात ठेवल्या की पुरे.

"मग जावयाच्या फोनलाच विचार, ओल गेली का ते."

हसतात, आणि दोघं वखारीतून चालताहेत. ओंडक्यांच्या जागी दवाखान्याच्या खाटा, ओळीनं, रिकाम्या. पायाखाली सागवान. बाबा चालता चालता समजावतात, लहानपणी समजवायचे तसं: दोन फळ्यांत पट्टी घालायची, वारा खेळू द्यायचा, पंधरा दिवस. भिंतीशी बोटभर फट सोडायची. घाई केली तर फळी पोटातून उठते.

उठतेच आहे. मधोमध जमीन फुगत जाते आणि त्या उंचवट्यावरून इरा पलीकडे रांगत निघालीय. हर्षदाचे पाय हलत नाहीत.

"बाबा, मी घाई केली का हो तुम्हाला?"

नाही म्हणा, एवढंच तिला हवं आहे. बाबा पायाखालच्या फळीवरून हात फिरवतात.

"केली ना, माय."

रागानं नाही. लाकडात गाठ आहे, हे सांगावं तसं. मग खोकला येतो, तोंडावर धरलेल्या हातातून भुसा गळतो.

"मीही थांबलो नाही. या फळ्यांना तरी थांबव."

डोळे उघडतात तेव्हा इरा शेजारीच झोपलेली आहे. हर्षदा उठून थप्पीपाशी जाते. सगळ्यात वरच्या फळीखाली एक पट्टी आडवी घातलेली आहे, सागाचीच, नुकती तासलेली. तेवढी एक फळी बोटभर उचललेली. खालच्या साऱ्या तशाच घट्ट.

ती निलेशला फोन लावते, हळू आवाजात सांगते, उद्या माणसं नकोत, पंधरा दिवस नकोत. तो कारण विचारतो.

"ओल्या आहेत," ती म्हणते. फोन खांद्याशी धरून दुसऱ्या फळीखाली हात घालते. फळी एकटीला उचलवत नाही. ती हात काढत नाही.