युसुफभाईंचा उजवा कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही हमिदाभाभींना ओळखत नाही, म्हणून असेल.

सौदीत रास तनुराला, तेलाच्या रिफायनरीत कामाला असताना, मी आणि युसुफभाई एका खोलीत राहायचो. ते दापोलीकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. एकदा रिफायनरीत पंपाजवळ आग लागली. आम्ही सगळे पळालो. हे आत घुसले आणि व्हॉल्व्ह बंद करूनच बाहेर आले. आमच्या जर्मन इंजिनिअरनं त्यांचं नाव सिगफ्रीड ठेवलं. कॅन्टीनमध्ये गोष्टही सांगितली — त्यांच्याकडच्या दंतकथेतला वीर, ड्रॅगन मारून त्याच्या रक्तात न्हाला, मग अंगाला शस्त्र लागेना. पाठीवर एक पान चिकटलं होतं, तेवढीच जागा कच्ची राहिली. ती जागा बायकोनं विश्वासानं एकाला सांगितली, आणि त्यानंच तिथे भाला मारला.

"माझं पान इथं पडलंय," खोलीवर आल्यावर युसुफभाई उजव्या कानावर बोट ठेवून हसले. त्या आगीतल्या स्फोटानं तो कान गेला होता. "कंपनीला कळलं तर मेडिकलवाले घरी धाडतील. तुझ्यापाशीच ठेव हो."

ठेवलं. कुणाला बोललो नाही. पण —

आखातात लढाई सुरू झाली, हवाई हल्ल्याचे भोंगे वाजू लागले. युसुफभाई डाव्या कुशीवर झोपायचे, चांगला कान उशीत. भोंगा ऐकूच यायचा नाही. मग मी खांदा हलवायचा. एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी सूर्य मावळताना, मगरिबच्या सुमाराला भोंगा झाला. रात्रपाळी होती म्हणून ते झोपलेले. त्यांची खाट दाराशी. मी तिच्या अगदी कडेनं पळालो. दिसले नाहीत का मला? दिसले. हात लांब केला असता तर लागला असता. शेल्टरमध्ये हजेरी घेताना सुपरवायझरनं विचारलं, तेव्हाही परत जायला वेळ होता. मी म्हणालो, येतायत मागून.

वर फुटलेल्या मिसाइलचा तुकडा आमच्या पत्र्यावर पडला. ते खाटेवरच सापडले.

मग लोक विचारू लागले, आणि तोंडातून निघालं — मी उठवलं होतं, ते म्हणाले, तू हो पुढं, मी आलोच. जेवायला जातानाही ते हेच म्हणायचे. कुणाला शंका कशी येणार? उलट नाव झालं. आपला सिगफ्रीड मिसाइललाही भ्याला नाही. ते गावापर्यंत पोचलं.

सुटीवर आलो तेव्हा त्यांच्या घरी भेटायला गेलो. हमिदाभाभींनी चहा पुढे ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, उठून पळायला काय झालं होतं त्यांना? आमच्यापेक्षा ती बहादुरी मोठी होती?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो.

पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी बापाच्या धाडसाचा विषय काढला, तर भाभी उठून आत गेल्या. इतकी वर्षं त्या मेलेल्या नवऱ्यावर रागावलेल्या आहेत. कशासाठी? त्यांनी त्या दिवशी न बोललेल्या एका वाक्यासाठी.

मी तरुण होतो, घाबरलो होतो — नाही, ते राहू दे.

हमिदाभाभींना माझं एवढं सांगणं बाकी आहे: ते झोपले होते, आणि मी त्यांना उठवलं नाही.